आमची वाटचाल : दाभण, पाऊण औंस आणि कुर्ल्याचं पाणी

१९९१ च्या पावसाळ्यानंतर मुंबईच्या दारुखान्यातल्या एका भाड्याच्या शेडमध्ये मी आणि मामांनी शर्यतीच्या बोटीचं पहिलं शीड अंथरलं. मामांनी आयुष्यभर कोळ्यांच्या होड्यांची शिडं शिवलेली. जाड कापड, मेण लावलेला दोरा, दाभण आणि तळहातावर चढवलेला चामड्याचा पाम, एवढीच त्यांची हत्यारं. स्पिनेकर म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना बोटीपुढे फुगणारं शीड. त्याचं पाऊण औंसाचं, म्हणजे अगदी हलकं, नायलॉन त्यांनी बोटांत चोळून पाहिलं, वर फुंकर मारली. कापड तरंगलं. "ह्याला दाभण नको, बारीक सुई आण," एवढंच म्हणाले, आणि पाच वेळा उसवून सहाव्यांदा बिनसुरकुतीची शिवण पाडली.

मशीन जुनं फाफ १३८, एका बंद पडलेल्या कारखान्यातून घेतलेलं. त्याची झिगझॅग टीप अशी बसते की कापड ताणलं तरी दोरा तुटत नाही. सोबत अठरा फुटी लवचीक लाकडी पट्टी, जिच्यावरून लफची, म्हणजे शिडाच्या पुढच्या कडेची, कमान आखतो. पट्टी आजही तीच आहे. नवीन मुलाला मी ती दोन्ही हातांनी उचलायला लावतो.

पुढे जागा पुरेना म्हणून कुर्ल्यात तळमजल्यावर गाळा घेतला. ती वर्षं बरी गेली.

२६ जुलै २००५, मंगळवार. शर्यतींचा सीझन मे महिन्यात संपतो, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि शिडं दुरुस्तीला आमच्याकडे येतात. त्या दिवशी गाळ्यात लोकांची एकतीस शिडं होती. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मिठी नदी फुगली आणि संध्याकाळी गाळ्यात पाणी छातीला लागलं. मामा आणि मी टेबलावर टेबल रचून पिशव्या वर चढवत होतो. मग वीज गेली, आणि टेबलंच तरंगायला लागली. रात्र वरच्या मजल्यावरच्या लेथवाल्यांकडे काढली.

नायलॉन पाण्याने मरत नाही. ते मरतं चिखलाने, तेलाने आणि बुरशीने. कापडावरचा लेप गेला की त्यातून वारा गळतो, आणि गळकं शीड मंद वाऱ्यात काही कामाचं नाही. नळाला पाणी नव्हतं. टँकर मागवून आठ दिवस शिडं धूत होतो. मामांनी फाफ सुटं करून रॉकेलमध्ये बुडवलं, एकेक स्क्रू पुसला. एकतीसपैकी बावीस शिडं वाचली. उरलेल्या नऊंची भरपाई आम्ही केली. बायकोच्या पाटल्या त्यात गेल्या, घरावर कर्ज चढलं.

मला आजही टोचतं ते निराळंच. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा पाऊस नव्हता. तिथल्या आमच्या गिऱ्हाइकांना आमचं छातीभर पाणी पटेचना. आणि पंधरा दिवसांच्या आत परदेशी शिडांचा एक एजंट त्यांच्याकडे पोचला. "गटारात बुडालेलं शीड बोटीवर कशाला चढवता?" असं तो ज्याला त्याला सांगत सुटला. धुऊन, तपासून परत दिलेली बावीस शिडंही त्यात बदनाम झाली. चौदा वर्षांची सात गिऱ्हाइकं गेली, त्यातल्या चौघांनी फोनही केला नाही.

तो काय विकत होता? मापात बसेल तेवढा मोठा, दीड औंसाचा स्पिनेकर. असं शीड सोसाट्याच्या वाऱ्यासाठी असतं. आपल्या बंदरात सकाळचा, जमिनीवरून येणारा मतलई वारा पडतो आणि समुद्रावरचा खारा वारा धरेपर्यंत पाणी तेलासारखं पडून राहतं. मग चार नॉट (ताशी सागरी मैल), सहा नॉट, दुपार कलल्यावर कुठे दहा-बारा. चार नॉटमध्ये दीड औंसाचं कापड स्वतःच्या वजनानेच लोंबतं.

तेव्हा एकच माणूस पायऱ्या चढून घरी आला. मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, आम्ही त्यांना कॅप्टनकाका म्हणतो. वाया गेलेल्या नऊ शिडांत त्यांचा स्पिनेकर होता. भरपाईचं पाकीट त्यांनी मामांच्या हातात परत ठेवलं. "मशीन चालू झालं का? मग हेच ॲडव्हान्स समजा आणि माझं आधी घ्या."

त्यांच्यासाठी आम्ही जाणूनबुजून लहान शीड कापलं. आयआरसी म्हणजे लहानमोठ्या बोटींना एका मापात आणणारे शर्यतीचे नियम, आणि रेटिंग म्हणजे ज्या आकड्याने बोटीचा वेळ गुणतात तो. आयआरसीमध्ये तुमच्या सर्वांत मोठ्या स्पिनेकरचं क्षेत्रफळ रेटिंगला लागतं, आणि त्या सूत्रात फुटच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या, मापाच्या चौपट महत्त्व मधल्या रुंदीला आहे. म्हणून खांदे आवरले, पोट फार खोल ठेवलं नाही, कारण अगदी मंद वारा खोल पोटाला चिकटून राहत नाही. कापड पाऊण औंसाचं, तुकडे तिन्ही कोपऱ्यांतून किरणांसारखे. आता हिशोब करा. समजा मोठ्या शिडाने रेटिंग ०.९५० वरून ०.९५६ झालं. दोन तासांच्या शर्यतीत ७२०० सेकंदांवर ते ४३ सेकंद होतात. म्हणजे मोठ्या शिडाने दर शर्यतीत पाऊण मिनिट कमवायला हवं, तेही फक्त वाऱ्याबरोबर जातानाच्या टप्प्यात. उरलेला वेळ ते पिशवीत बसून दंड भरतं.

जानेवारीत एका रविवारी पाच नॉट वारा होता आणि ओहोटी जवळपास वाऱ्याच्याच दिशेने चाललेली. अशा वेळी पाणीच बोटीला वाऱ्यासोबत नेतं, आणि शिडाला मिळणारा वारा आणखी घटतो. एजंटाची तीन शिडं बंदरातल्या ऑयस्टर रॉकच्या पुढे पोलवर, म्हणजे शीड धरणाऱ्या दांड्यावर, लटकून राहिली. काकांनी सरळ खाली, म्हणजे वाऱ्याच्याच दिशेने, जायचा हट्ट धरला नाही. शीटला, म्हणजे शीड आवरणाऱ्या दोरीला, ओढ लागेपर्यंत बोट थोडी वर, वाऱ्याकडे घेतली, मग हळूहळू खाली सोडली, असं करत निघाले. रेटिंगचा हँडिकॅप लावून एकोणीस सेकंदांनी पहिले आले. मामा धक्क्यावर उभे होते. काही बोलले नाहीत, फक्त टोपी काढून डोकं पुसलं.

मोसमाअखेरीस सातातले तिघे परतले. त्यातल्या एकाने एजंटाकडूनच घेतलेला कोड झिरो, म्हणजे एक सपाटसा स्पिनेकर, आणला होता. लीच, म्हणजे मागची कड, सतत फडफडते, मधून थोडं कापून द्या, म्हणाला. मी नाही म्हटलं. मधली रुंदी फुटच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेली की ते शीड स्पिनेकर राहत नाही, हेडसेल, म्हणजे डोलकाठीपुढचं साधं शीड, म्हणून मोजलं जातं आणि रेटिंग चढतं. "ह्यांना कापता येत नाही" असं मग बाहेर बोललं गेलं. त्या शिडाचं माप लिहिलेला कागद मी अजून जपून ठेवलाय.

तरुण मंडळींना सांगतो, विचारलं नसलं तरी. मंद वाऱ्यात जाड शीट आणि स्नॅप शॅकल (दोरी अडकवायची कडी) काढून टाका, बारीक दोरी बोलाइन गाठीने बांधा. क्लूवरचं, म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्यावरचं, तेवढं वजनही शिडाला खाली ओढतं. पोलचं टोक खाली घ्या, दोन्ही क्लू एका उंचीवर येऊ द्या. क्रूने थोडं पुढे आणि वाऱ्याआडच्या बाजूला बसावं, उगाच हालचाल करू नये. ओलं शीड पिशवीत कोंबून घरी जाऊ नका. आणि दोन शिडांचेच पैसे असतील तर पहिलं पाऊण औंसाचं घ्या, दीड औंसाचं नंतर.

२०१४ साली मामा गेले. त्यांचा पाम मशीनच्या वर खिळ्याला टांगलेला आहे, फाफ रोज चालतं. काकांचा स्पिनेकर हेडच्या, म्हणजे वरच्या कोपऱ्याच्या, पॅचला ठिगळ लावून मागच्याच महिन्यात परत दिला.

गाळा कुर्ल्यातलाच आहे. पाण्याची खूण आम्ही रंगवून झाकली नाही. ती जमिनीपासून साडेचार फुटांवर आहे, म्हणून शिडांची मांडणी सात फुटांवर केली आहे. बोटी वर ओढायच्या आधी, मे महिन्यातच शिडं आणून द्या.