मुलाच्या डॉक्टरने विचारलं, घरात बंदूक आहे का

आम्ही फ्लोरिडात राहतो, टॅम्पाच्या बाजूला. मागच्या वर्षी धाकट्याची शाळा सुरू होणार होती म्हणून त्याची फिजिकल, म्हणजे शाळेसाठी लागणारी डॉक्टरी तपासणी, करून फॉर्म घ्यायला क्लिनिकमध्ये गेले. रिसेप्शनला टॅबलेट हातात दिला, भरा म्हणाले. घरात कोणी सिगरेट ओढतं का, स्विमिंग पूल आहे का, कारसीट वापरता का, आणि त्याच ओळीत घरात बंदूक आहे का. मी तो प्रश्न तसाच सोडला नि पुढे गेले.

खरं म्हणजे आहे. पलीकडच्या गल्लीत घरफोडी झाल्यावर नवऱ्याने पिस्तूल घेतलं, मला विचारून घेतलं असं तो म्हणतो.

आत डॉक्टर आल्या, छान बोलणाऱ्या बाई, म्हणाल्या की हा प्रश्न तुम्ही सोडलाय, नको असेल तर नका सांगू, आम्ही सगळ्याच आईबापांना विचारतो. मी हसून विषय बदलणार तेवढ्यात आमचं पाच वर्षांचं रत्न टेबलावरून पाय हलवत म्हणालं, बाबांच्या कपाटात वरच्या खणात आहे, मी पाहिलीय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई काही बोलल्या नाहीत, कुलपात ठेवा म्हणाल्या, एक केबल लॉक फुकट दिलं, ते बंदुकीतून ओवून लावायचं असतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून कागद चाळले तर शाळेच्या फॉर्मला व्हिजिटची समरी पिन मारून जोडलेली आणि तिसऱ्या पानावर ठळक, घरात बंदूक: होय. तो गठ्ठा मी तसाच शाळेच्या ऑफिसात देणार होते, जिथे डेस्कवर बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाची तरी आई मदतीला बसलेली असते.

माझ्या डोक्यात बंदूक म्हणजे गावचे काका. त्यांची लायसनची बारा बोअर होती, इलेक्शन लागली की आचारसंहितेत ठाण्यात नेऊन जमा करायची, पावती घ्यायची, निकालानंतर परत आणायची. म्हणजे बंदुकीची नोंद ही पोलिसांकडे असायची गोष्ट, डॉक्टरकडे नाही. त्यामुळे रात्री झोप लागेना, आता हे कुठे कुठे जाणार, इन्शुरन्सवाल्यांना कळणार का, हप्ता वाढणार का.

सकाळी क्लिनिकला फोन केला तर फ्रंट डेस्कची मुलगी म्हणाली कायद्याने विचारावंच लागतं. हे चुकीचं आहे, मी नंतर वाचलं. उलट फ्लोरिडात 2011 मध्ये रिक स्कॉट गव्हर्नर असताना डॉक्टरांनी कारणाशिवाय हे विचारू नये असाच कायदा झाला होता, तोही ओकालाच्या एका आईमुळे, म्हणजे आमच्यापासून दीडदोन तासांवर, तिने उत्तर दिलं नाही म्हणून मुलाच्या डॉक्टरने दुसरा डॉक्टर शोधा सांगितलं होतं. विचारलं तर 10,000 डॉलरपर्यंत दंड. डॉक्टर मंडळी कोर्टात गेली आणि 2017 मध्ये अटलांटाच्या अपील कोर्टाने त्यातला बराचसा भाग रद्द केला, डॉक्टरांच्या बोलण्यावर बंदी घालता येत नाही म्हणून. बंदूक आहे म्हणून पेशंटला वेगळं वागवायचं नाही, हे कलम मात्र ठेवलं. थोडक्यात त्यांनी विचारायला हरकत नाही आणि आपण गप्प बसायलाही नाही. आणि इन्शुरन्सचं म्हणाल तर 2010 च्या आरोग्य कायद्यातच आहे की कायदेशीर बंदूक आहे म्हणून हप्ता वाढवता येत नाही. हे वाचून जरा जीवात जीव आला.

मग हिपा, म्हणजे पेशंटच्या माहितीच्या गोपनीयतेचा अमेरिकन कायदा, त्याखाली लेखी अर्ज दिला, ही ओळ काढा, मी सांगितलेलं नाही, लहान मुलाने सांगितलंय. त्यांना 60 दिवस असतात, यांनी जवळजवळ सगळे घेतले. उत्तर आलं की माहिती खरी आहे त्यामुळे बदलता येणार नाही, तुम्हाला मान्य नसेल तर तसं लिहून द्या, ते रेकॉर्डला जोडू. काय बोलणार, खरीच होती. मी चार ओळी लिहून दिल्या, आणि मॅनेजर बाईंना भेटून एवढंच मागितलं की छापील समरीत हे येऊ देऊ नका. तेवढं त्यांनी लगेच केलं, सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागली असतील. हेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं की उत्तर कुठे लिहितो, कुठे छापतो, कोण बघतं, तर मी इतकी भडकलेच नसते. प्रश्नावर माझा राग नाहीच. 2020 पासून अमेरिकेत मुलं आणि टीनएजर्स सगळ्यात जास्त बंदुकीनेच दगावतायत, मुलांच्या डॉक्टरने नाही विचारायचं तर कुणी.

या सगळ्यात नवरा म्हणाला तू कागदाच्या मागे लागलीस, पण पोराला वरचा खण माहितीय त्याचं काय. बोलला बरोबर, फक्त तो खण त्याचाच होता. इथे 16 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक उघडी ठेवणं कायद्यातही बसत नाही. त्याच आठवड्यात नंबरवाली छोटी तिजोरी आणली, नंबर आम्हा दोघांनाच माहीत.

यावर्षी परत तोच टॅबलेट. होय दाबलं, कुलपात आहे का, तिथेही होय. निघताना कागद हातात आले तसं काउंटरवरच उभी राहून पिन काढली, शाळेचं एक पान वेगळं केलं, बाकीचे पर्समध्ये.