स्पोर्ट्स कारचा प्रीव्ह्यू, कोल्हापूर-पुणे-कोल्हापूर: पहिली बॅच मिळाली तरच जा

निमंत्रणावर 'प्रीव्ह्यू अँड ड्राइव्ह' छापलं होतं. हॉलमध्ये कापड ओढलं आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला दिसलं. तिथंच विषय एंड.

डाव्या स्टिअरिंगची गाडी म्हणजे फक्त दाखवायला आणलेली गाडी. ती बहुतेक वेळा कार्नेवर येते, म्हणजे ठरावीक मुदतीत परत न्यायच्या अटीवर, आयात शुल्क न भरता. नोंदणी नाही, ट्रेड सर्टिफिकेटची (विक्रेत्याला नोंदणीआधी गाडी चालवायला मिळणाऱ्या परवान्याची) पाटीही नाही, म्हणजे ती सार्वजनिक रस्त्यावर काढताच येत नाही. वर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १२०: इशारा द्यायचं चालू उपकरण नसेल तर डाव्या स्टिअरिंगची गाडी रस्त्यावर चालवायला मनाई. 'ड्राइव्ह' म्हणून जे मिळालं ते असं: मागच्या पटांगणात शंकू मांडलेले, दुसऱ्याच मॉडेलची गाडी, चालवणारा त्यांचा माणूस, आपण शेजारी, तीन फेऱ्या. गिअर दुसऱ्याच्या वर गेला नाही.

म्हणून निघण्याआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा. स्टिअरिंग कुठल्या बाजूला? गाडीवर नंबर आहे का? चालकाच्या सीटवर कोण बसणार? तिसऱ्या प्रश्नाला 'आमचे एक्सपर्ट' असं उत्तर आलं, तर ती टॅक्सी राइड आहे असं धरून चाला. लायसन्स बरोबर आणायला सांगितलं असेल तरी त्यावर विसंबू नका. आमच्याकडूनही घेतलं होतं, गेटवरच्या वहीत नंबर लिहायला.

आता बॅचबद्दल. दिवसभरात बॅचेस लावतात आणि कोल्हापूर-सांगलीच्या लोकांना 'तुम्ही लांबून येणार' म्हणून दुपारी चारची देतात. ही सोय वाटते, पण आहे उलटी. इंजिन सुरू होतानाचा खरा आवाज रात्रभर थंड राहिलेल्या इंजिनाचाच असतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) लवकर तापावा म्हणून पहिला अर्धा-एक मिनिट आयडल, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, चढं ठेवलेलं असतं आणि इग्निशन मागे ओढलेलं असतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते, त्यामुळे उष्णता सायलेन्सरकडे जाते आणि गुरगुर येते. नंतर आरपीएम खाली येतो आणि गाडी शहाण्यासारखी वागते. दिवसभरात पाच-सहा वेळा सुरू केलेलं इंजिन चार वाजता तो आवाज देत नाही. सकाळच्या बॅचवाल्यांनी काढलेला व्हिडिओ ऐकला, जाळ अन् धूर संगटच! आमच्या वाट्याला आलं ते साधं आयडल. पहिली बॅच मागा, मिळत नसेल तर नाव काढून घ्या.

गाडीजवळ दहा मिनिटं मिळतात. सगळे सेल्फीत घालवतात. तुम्ही खाली वाका. खिशात छोटी मोजपट्टी ठेवा आणि पुढच्या बंपरच्या खालच्या ओठापासून जमिनीपर्यंत मोजा. ११० मिमी भरलं असं धरू. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेसच्या) मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १०० मिमी उंच असतो. तो इतका पसरट असतो की २,४५० मिमी व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत तेवढं अंतर असलेली) गाडी मधोमध आली तरी चाकांच्या पातळीच्या वर गतिरोधकाचा माथा जेमतेम ४४ मिमी येतो. म्हणजे गाडी आरामात जाते. अडचण आहे ती कॉलनीतल्या घरगुती गतिरोधकांची, म्हणजे नुसत्या ढिगांची: फूट-दीड फूट रुंद, दीडशे मिमी उंच, रात्रीत ओतलेले. पुढची चाकं पलीकडे उतरली की तो ढीग थेट पोटाखाली येतो. पोटही ओठाइतकंच उंच धरलं तर १५० विरुद्ध ११०, हिशेब सरळ आहे.

सेल्समन इथं हमखास 'नोज लिफ्ट आहे सर' म्हणतो. लिफ्ट फक्त पुढचा ॲक्सल उचलते. तो ४० मिमी वर गेला तर गाडीच्या मध्यावर निम्मा, २० मिमीच फरक पडतो. नाक वर झालं म्हणजे पोट वर झालं असं नाही. शिवाय ती कमी वेगातच चालते, वेग वाढला की गाडी आपोआप खाली बसते. तिरकी घालून एकेक चाक चढवण्याची युक्ती रुंद गतिरोधकावर चालते. ढिगावर तिरकी घातली तर साइड स्कर्ट, म्हणजे दारांखालची पट्टी, घासतो.

मग टायर. २४५/३५ लिहिलं असेल तर रबराची भिंत २४५ च्या ३५ टक्के, म्हणजे ८६ मिमी. त्यात खड्ड्याची कड बसली तर रिमच वाकते. बूट उघडायला लावा: स्टेपनी नसते, सीलंटची बाटली आणि कॉम्प्रेसर असतो. सीलंट खिळ्याचं भोक भरतं, बाजूची चीर नाही. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष, तेही बघा. टचस्क्रीन, ॲम्बियंट लाइट वगैरे यूट्यूबवर दिसतंच.

किमतीच्या टेबलावर सावध. पूर्ण तयार आयात गाडी ४०,००० डॉलरच्या वरची असेल तर २०२५ च्या अर्थसंकल्पानुसार ७० टक्के सीमाशुल्क अधिक ४० टक्के सेस, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाडीला ४० टक्के जीएसटी. शंभर रुपयांची गाडी अशी २९४ रुपयांची होते, डीलरचं कमिशन वेगळंच. पडद्यावर दिसतो तो आकडा एक्स-शोरूम. ऑन-रोडचा ओळ-ओळ लिहिलेला कागद मागा. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के कर, कंपनीच्या नावावर २० टक्के. 'फर्मच्या नावावर घ्या, फायदा होतो' म्हणणाऱ्याला हा फरक आधी मांडून दाखवायला सांगा. एक टक्का टीसीएस (विक्रेता आधीच वसूल करतो तो कर) आयकरात वळता होतो, तो खर्चात धरू नका. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे, स्वतःच्या नुकसानीचा एक वर्षाचा पुरे. 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', आधीच लावून ठेवलेलं कोटिंग, या ओळी खोडा. आमच्या हातातल्या कागदावर त्या तिन्ही होत्या. बुकिंगच्या पावतीवर 'परत मिळेल' हे शब्द पेनानं लिहून सही घ्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणी मागितली तर उठा.

रस्ता. जाताना किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, येताना तेच, म्हणजे आठ टोल. फास्टॅगचा वार्षिक पास २०२५ मध्ये तीन हजारांचा होता, २०० फेऱ्यांचा, म्हणजे सगळ्या वापरल्या तर एका टोलला १५ रुपये. महिन्याला पुण्याला जाणाऱ्यानं तो घ्यावाच. पहिल्या बॅचसाठी पहाटे साडेतीनला निघा. वंदे भारत यासाठी निरुपयोगी: आठवड्यातून तीनच दिवस, आणि ज्या दिवशी कोल्हापूरहून जाते त्या दिवशी परत येत नाही. आदल्या रात्रीची महालक्ष्मी पहाटे पुण्यात उतरवते, ते बरं. साताऱ्याच्या पुढे रस्ता ठीक.

परतीचा कराड ते पेठ नाका मात्र वाईट, आणि चारच्या बॅचमुळे तो रात्रीच वाट्याला येतो. सहापदरीकरणात मुख्य रस्त्यावरून सेवा रस्त्यावर, पुन्हा वर, पुन्हा खाली. वळण सांगणारी पाटी वळणावरच. जुन्या-नव्या डांबरात चार बोटांची पायरी, तिच्यावर तिरकं चढायचं नाही, वेग कमी करून सरळ. हंगामात उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही, आणि वाडं बाहेर लोंबकळत असल्यानं ट्रॉलीचं टोक कुठे संपतं तेच कळत नाही. समोरून उलट्या बाजूनं मोटारसायकली. इथं साठच्या वर जाऊ नका आणि ट्रॉलीच्या मागे निदान चार गाड्यांचं अंतर ठेवा. जेवण साताऱ्यातच उरकून घ्या. प्रीव्ह्यूत बोटभर पदार्थ असतात, आणि उपाशीपोटी हा पट्टा नको.