आमच्या दहावीचा निरोप समारंभ

आज दहावीच्या मुलांना निरोप दिला. नववीच्या मुलींनी काढलेली फुलांची रांगोळी, वडापाव, पेढे, भाषणं, सगळं नेहमीसारखंच. पण ही बॅच माझ्यासाठी वेगळी आहे.

जून २०२० मध्ये ही पोरं पाचवीत, म्हणजे आमच्या हायस्कूलला आली. आली म्हणायचं, कारण शाळा बंद होती. मला ती व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर भेटली. बऱ्याच घरांत एकच मोबाइल, तोही वडिलांसोबत कामावर जायचा. त्यामुळे वहीचे फोटो रात्री साडेनऊ-दहाला यायचे. भागाकार तपासायला फोटो मोठा करून बघायचा, कोपऱ्यात जेवणाचं ताट दिसायचं.

२७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. एका बाकावर एक जण, तोंडाला मास्क. आवाजावरून मी मुलं ओळखायची. डबा खायला मास्क काढले तेव्हा पहिल्यांदा पूर्ण चेहरे पाहिले. वर्ग काही आठवडेच टिकले, पुन्हा सगळं बंद. सहावीत बहुतेकांचं वाचन अडखळत होतं, काही जण जोडाक्षरांपाशी थांबायचे. सातवी-आठवीत आम्ही रोज अर्धा तास नुसतं मोठ्यानं वाचायचो.

आज त्यातलीच एक मुलगी कागद न घेता बोलली. म्हणाली, "बाई, मला वर्गात बसायला मिळालं याचंच अप्रूप होतं." मला पुढचं नीट ऐकूच आलं नाही, डोळे भरून आले होते.

हॉलतिकिटं दिलीत. पोरांनो, पोटभर जेवून पेपरला जा. आणि निकालाच्या दिवशी शाळेत नक्की या, मी वाट बघतेय.