खंदक बुजवून घेतले आणि मग निघून गेले

बटाट्यांचा तो व्हिडिओ परवा रात्री परत समोर आला आणि झोपच उडाली. ऑक्टोबर २०१९, ईशान्य सीरियातलं कामिश्ली शहर. अमेरिकन आर्मीच्या चिलखती गाड्या इराककडे निघाल्यात आणि रस्त्यावरचे लोक त्यांच्यावर बटाटे फेकतायत. दगड नाहीत, बटाटे. चिलखताचं बटाट्याने काय वाकडं होणार, फेकणाऱ्यालाही ते कळतच असणार, पण हाताला जे लागलं ते फेकलं.

इतका राग का, हे समजायला दोन महिने मागे जावं लागतं, आणि नेमका तोच भाग सगळे विसरतात. तुर्कस्तानचं म्हणणं होतं की सीमेला लागून कुर्दांच्या वायपीजी या सशस्त्र संघटनेचे खंदक आणि बंकर आहेत, ते आम्हाला धोका आहेत. ऑगस्टमध्ये अमेरिकेने मध्ये पडून तोडगा काढला की तुम्ही ते पाडा, आम्ही तुर्कांबरोबर गस्त घालू, हल्ला होणार नाही. कुर्दांनी ऐकलं. ऐकणारच ना, आयसिसविरुद्ध अमेरिकेच्या सोबतीने लढताना त्यांच्या आघाडीचे ११ हजारांच्या आसपास लोक गेले होते, एवढं झाल्यावर भरवसा ठेवायचा नाही तर कधी ठेवायचा. तर रास अल-ऐन आणि तल अब्याद या सीमेवरच्या गावांच्या बाजूचे खंदक बुजवले, बंकर पाडले, सप्टेंबरमध्ये एकत्र गस्तही सुरू झाली.

मग ६ ऑक्टोबरला ट्रम्प आणि एर्दोगान यांचा फोन झाला, दुसऱ्या दिवशी अमेरिकन सैनिक सीमेजवळच्या चौक्यांवरून बाजूला झाले, आणि ९ तारखेला तुर्की विमानं आली. केसाने गळा कापणं म्हणजे अजून वेगळं काय असतं?

आता कोणी म्हणेल की तिथे अमेरिकेचे जेमतेम पन्नासेक सैनिक होते, ते नाटोतल्याच दुसऱ्या देशाच्या फौजेला काय अडवणार होते. मान्य. पण मग खंदक कशाला बुजवायला लावले? आणि सगळे परत जाणार म्हणता म्हणता तेलविहिरींपाशी मात्र सैनिक ठेवलेच की. तेलाला राखण मिळाली, माणसांना नाही.

दोन आठवड्यांत दोन लाखांच्या आसपास माणसं घराबाहेर पडली. रास अल-ऐनवर तेव्हा काळा धूर असायचा, ड्रोनला खालचं दिसू नये म्हणून टायर जाळलेले. निघालेले बरेच जण हसाका शहरात पोचले आणि तिथल्या शाळांमध्ये राहिले, म्हणजे एका वर्गात दोन-तीन कुटुंबं, मध्ये चादरीचा आडोसा. आता शाळेत माणसं राहायला लागली की शाळा बंद, म्हणजे ज्यांचं घर शाबूत होतं त्या हसाकाच्या पोरांचंही शिक्षण थांबलं. काही जण दलालांना पैसे मोजून सीमेपलीकडे इराकी कुर्दिस्तानात गेले, बर्दरशच्या छावणीत. आइन इसाच्या छावणीतले लोक तर आधीच कुठून कुठून विस्थापित होऊन आलेले, त्यांना तिथूनही पळावं लागलं. त्यातच बऱ्याच परदेशी मदतसंस्थांनी आपली माणसं काढून घेतली, म्हणून हसाकाजवळ वाशोकानीची छावणी कुर्दी प्रशासनाने स्वतःच उभी केली. जानेवारी २०२० मध्ये युनोच्या सुरक्षा परिषदेत रशियाच्या दबावापुढे यारुबियाचा मदतमार्गही बंद झाला. इराकमधून ईशान्येकडे औषधं यायची ती त्याच वाटेने.

आणि मागे राहिलेली घरं? तुर्कस्तानच्या पाठिंब्यावरच्या टोळ्यांनी बरीच लुटली आणि त्यांत आपलीच माणसं बसवली. एर्दोगान हल्ल्याच्या आधीच सप्टेंबरमध्ये युनोत नकाशा दाखवून सांगत होते की या पट्ट्यात सीरियन निर्वासित वसवायचेत. तुर्कस्तानात तेव्हा ३६ लाख सीरियन होते, त्यांचं ओझं खरंच होतं, ते नाकारायचं कारण नाही. पण एका विस्थापिताची सोय लावायला दुसऱ्याला उठवायचं, हा कुठला हिशोब आहे मला कळत नाही.

मला सगळ्यात जास्त छळते ती पाण्याची गोष्ट. रास अल-ऐन या अरबी नावाचा अर्थ झऱ्याचं मुख. कुर्दी लोक सेरेकानिये म्हणतात, अर्थ तोच. गावाजवळच अलूक नावाचं पंपिंग स्टेशन आहे, हसाका आणि आसपासच्या साधारण ४ लाख ६० हजार लोकांना पाणी तेव्हा तिथूनच यायचं. ऑक्टोबरनंतर अलूक गेलं तुर्कांच्या ताब्यात आणि त्याला लागणारी वीज राहिली कुर्दांच्या बाजूला. मग सुरू झालं की तुम्ही वीज कापलीत म्हणून आम्ही पाणी देत नाही, तुम्ही पाणी देत नाही म्हणून आम्ही वीज कापतो, आणि पंप बंद. २०२० मध्ये कोरोना आला, सगळं जग हात धुवा हात धुवा म्हणत होतं तेव्हाही अलूक मध्येमध्ये बंदच पडायचं. हसाकात पाण्याला टँकर, आणि टँकरमागे कॅन घेऊन उभ्या असलेल्यांत सेरेकानियेहून आलेले लोकही होते, ज्यांच्या गावातून ते पाणी नळाने यायला हवं होतं.