बो-कापमधला 'फर' आणि आपला 'ला'

केपटाऊनला गेलात तर एका रविवारी सकाळी लवकर उठून बो-काप या जुन्या वस्तीत जाच. रंगीत घरांचे फोटो आम्हीपण काढले, पण खरी मजा कूसिस्टर. तळलेला मऊ गोळा, पाकात मुरवलेला, वर खोबऱ्याचा कीस, आत वेलची, दालचिनी, बडीशेप, घास घेतला आणि एकदम घरची आठवण आली.

निघायच्या आधी पुस्तकावरून थोडी आफ्रिकान्स, म्हणजे इथली डचमधून आलेली भाषा, शिकले होते, पण इथली बोली काप्स, तिचा बाजच वेगळा. 'यै'चं, म्हणजे 'तू'चं, 'जै' होतं हे माहीत होतं, 'फर'चं मात्र नव्हतं. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या आंटी फोनवर म्हणाल्या, "एक हेट फर मा खसीन", म्हणजे मी आईला पाहिलं. थोड्या वेळाने घराबद्दल बोलताना नुसतं "एक हेट दी हेइस खसीन", मी घर पाहिलं. मी तिथेच थबकले, कारण हे तर आपलंच! आपणसुद्धा आईला पाहिलं म्हणतो आणि घर पाहिलं म्हणतो, घराला नाही. छापील आफ्रिकान्समध्ये आईच्या आधी 'फर' नसला तरी चालतं, इथे मात्र माणूस आला की तो हटकून येतो. आंटींना विचारलं तर म्हणाल्या, "घराला कशाला फर, ते काय ओ देणारे का?" व्याकरणाच्या पुस्तकात इतकं सोपं कुणी सांगितलं नव्हतं मला.

काही अभ्यासक या 'फर'मागे जुन्या पोर्तुगीज क्रिओलचा, म्हणजे पोर्तुगीज आणि स्थानिक भाषांच्या मिसळीतून झालेल्या बोलीचा, हात बघतात, केपला गुलाम म्हणून आणलेल्यांत भारतातलेही खूप होते. आणि आपल्या रायगडात कोर्लईला जी पोर्तुगीज क्रिओल बोलतात तिच्यातही माणूस कर्म असला की वेगळं चिन्ह लागतं. कुठे कोर्लईचा किल्ला, कुठे टेबल माउंटन!

आंटींच्या या काप्सला कित्येक वर्षं स्वयंपाकघरातली भाषा म्हणून हिणवलं गेलं, याचा मला मनापासून राग येतो. अहो, केपच्या मुसलमानांसाठी ऑटोमन सुलतानाने पाठवलेले धर्मपंडित अबू बक्र एफेंदी यांनी अरबी लिपीत लिहिलेलं आफ्रिकान्स पुस्तक १८७७ मध्ये इस्तंबूलला छापलं गेलंय, आफ्रिकान्स सरकारी भाषा झाली ती १९२५ मध्ये. काप्सच्या शब्दकोशाचं काम मात्र २०२१ मध्ये जाहीर झालं, फार उशीर केला.

निघताना आंटींची नात दारातून लाख-लाख आत आली, म्हणजे हसत-हसत. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "एक सीन फर जोउ!", मी तुला पाहतेय!

मला फर लागला.