गॅरंड, एआर-१० आणि माझ्या पापण्या: सात महिन्यांची नोंदवही

मंडळी, आधी आकडा सांगून टाकतो. दुसऱ्याची नोंदवही वाचताना आकड्यासाठी शेवटपर्यंत ताटकळत ठेवलं की मला स्वतःला राग येतो. सामन्यात मार्चमध्ये ३०० पैकी २१४ गुण. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी २५३. रायफल तीच, एम-१ गॅरंड, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी रायफल, काडतूस .३०-०६. अंतर तेच, २०० यार्ड. मधल्या काळात बदललं ते एवढंच, की गोळी सुटताना माझे डोळे आता उघडे असतात. हे एक वाक्य लिहायला सात महिने आणि बरीच काडतुसं गेली.

नव्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा खडकीचा, वडील अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत. आता मुक्काम कोलंबस, ओहायो. कॉलेजात एनसीसी होती. पॉइंट टू-टू रायफलवर माझा गट (टार्गेटवर भोकं किती जवळजवळ पडतात तो) बरा यायचा आणि मला वाटायचं की आपल्याला नेम येतो. मग एका कॅम्पमध्ये पाच गोळ्या एसएलआरच्या मिळाल्या. लष्करी रायफल, इशापूरची १ए१, ७.६२ मिमी. पहिल्या गोळीने कॉलरच्या हाडाखाली असा दणका दिला की पुढच्या चार कुठे गेल्या ते टार्गेटलाही कळलं नाही. उस्ताद मागून ओरडत होते, ‘पकड मजबूत!’ मी पकड मजबूत करण्याच्या नादात डोळे घट्ट मिटत होतो. ती सवय पंचवीस वर्षं झोपून होती. इथे येऊन गॅरंड हातात घेतली आणि ताजीतवानी उठून बसली.

भारतात सेमी-ऑटोमॅटिक (गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) सेंटरफायर रायफल सामान्य परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे तिकडच्या वाचकांना हे सगळं थोडं ‘अमेरिकेत काय काय चालतं’ छापाचं वाटेल. इथे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम नावाची संस्था सैन्यातून निवृत्त झालेल्या गॅरंड विकते, पण फक्त नागरिकांना. त्यामुळे ग्रीन कार्डाच्या काळात मी क्लबातल्या एका आजोबांच्या रायफलवर भागवलं. नागरिकत्वाची शपथ झाल्यावर कागद भरले आणि एक दिवस लांबलचक खोकं थेट दारात आलं. सौभाग्यवतींना वाटलं, पडद्यांचे रॉड आले. रिसीव्हरवर स्प्रिंगफील्डचा शिक्का, क्रमांकावरून १९४४ सालची. अक्रोडाच्या दस्त्यावर कुणाच्या तरी गालाने घासून गुळगुळीत झालेली जागा. सामन्यात रायफल मूळ रूपातच लागते, म्हणजे नळीच्या तोंडावर ब्रेक (वायू वळवून धक्का कमी करणारा तुकडा) नाही आणि मागे लोखंडी बटप्लेट. जो काही धक्का आहे तो तसाच खायचा.

मार्च. तीन फेऱ्यांचे गुण: ८१ सावकाश झोपून, ६८ भरभर झोपून, ६५ उभ्याने. दुसऱ्या दिवशी खांद्यावर जांभळा डाग. तो बघून घरात जी चर्चा झाली ती इथे देत नाही.

डाग पडल्यावर माणूस हिशोबाला बसतो, तसा मी बसलो. गोळी साधारण ९.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८३५ मीटरच्या आसपास. म्हणजे संवेग ८.१. त्यात दारूच्या वायूंचा वाटा धरायचा, आणि हा लोक विसरतात: तीन ग्रॅमच्या वर दारू, वायू बाहेर पडतात ते गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने. त्याचे साडेचार धरले तर एकूण साडेबारा. रायफल ४.३ किलोची. भागाकार केला की रायफल सेकंदाला जवळजवळ तीन मीटर वेगाने मागे येते, ऊर्जा १८-१९ जूल. एक लिटरची भरलेली बाटली दोन मीटरवरून खाली पडते, तेवढी. घाबरण्यासारखं काही नाही आणि दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

पण खरी गंमत पुढच्या भागाकारात निघाली. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत रायफल मागे किती सरकते? गोळीचा प्रवास अर्ध्या मीटरच्या थोडा वर, वजनांचं गुणोत्तर लावलं की उत्तर येतं जेमतेम दीड मिलिमीटर. दीड! खांद्याला जो दणका बसतो तो बसतो तेव्हा गोळी केव्हाच निघून गेलेली असते. म्हणजे टार्गेटवर सात वाजताच्या दिशेला खाली पडलेली माझी भोकं धक्क्याची नव्हतीच, धक्क्याची वाट पाहण्याची होती. मी गोळी सुटायच्या आधीच खांदा पुढे ढकलत होतो, उजव्या मुठीने दस्ता आवळत होतो, आणि डोळे मिटत होतो.

एप्रिल. हे सिद्ध करायला आजोबा पुढे आले. (नाव लिहीत नाही, त्यांना इंटरनेटवर यायचं नाही.) गॅरंडच्या क्लिपमध्ये, म्हणजे काडतुसं एकत्र धरणाऱ्या पत्र्याच्या चापात, आठ काडतुसं बसतात. त्यांनी माझ्याकडे पाठ करून क्लिप भरली: पाच खरी, तीन नकली, कुठली कुठे ते त्यांनाच ठाऊक. तिसऱ्या नंबरला नुसताच हॅमर पडल्याचा ‘टक’ आवाज आला आणि रायफलीचं तोंड चांगलं तीन-चार बोटं खाली गेलं. शेजारच्या लेनवरच्या माणसाने सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. आजोबा एवढंच म्हणाले, की ही रायफल तुला मारत नाहीये, तू तिला मारतोयस.

महिनाभर दर शनिवारी पहिल्या दोन क्लिपा अशाच. नकली काडतूस आलं की रायफल जागची हलता कामा नये, इतकीच परीक्षा. गॅरंडवर हा सराव जरा कटकटीचा, कारण नकली काडतूस हाताने ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे नेणारा बाजूचा दांडा) ओढून बाहेर काढावं लागतं. पण त्या कटकटीतच डोकं थंड होतं.

याच महिन्यात कानांचं बघितलं. रायफलचा आवाज कानाशी १६० डेसिबलच्या वर जातो. मी नुसते फोमचे बोळे घालत होतो. त्यावर इअरमफ चढवले तर कागदोपत्री फरक फक्त पाचेक डेसिबलचा; पण पापण्यांना तो फरक पन्नासाचा वाटला. आपण ‘रिकॉइल (धक्का) जास्त आहे’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा तक्रार आवाजाची असते.

मे. इथे मी मार्ग चुकलो, आणि तो खर्चिक चुकला. वाटलं की मऊ रायफलवर सराव करू, मग गॅरंडवर येऊ. माझ्याकडे एआर-१० धाटणीची .३०८ आहे, दुर्बिणीसकट पाच किलो. हिशोबाने संवेग गॅरंडइतकाच, साडेबाराच्या आसपास. वजन जास्त म्हणून वेग अडीच मीटर, ऊर्जा १६ जूल. पण हातात फरक त्याहून मोठा वाटतो. एआर-१० च्या रचनाकाराने, युजीन स्टोनरने, दस्ता नळीच्या सरळ रेषेत ठेवला, त्यामुळे धक्का सरळ मागे येतो. गॅरंडचा दस्ता नळीच्या रेषेखाली उतरतो, म्हणून ती मागे येता येता तोंड वर करते.

दुसरी गोष्ट, सेमी-ऑटोचा धक्का एक नसतो. आधी गोळी आणि वायूंची ढकल, मग बोल्ट कॅरिअर (नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टला वाहून नेणारा भाग) बफरसकट मागे जाऊन आपटतो तो दुसरा ठोका, मग तो परत पुढे येऊन बंद होताना तोंड किंचित खाली ओढतो तो तिसरा. दुर्बिणीतून बघितलं तर टार्गेट वर, मग थोडं खाली, आणि मग स्थिर. माझ्या रायफलीत दुसरा ठोका फार जोरात होता आणि रिकामी टोपणं (झाडलेल्या काडतुसांची कवचं) एक वाजताच्या दिशेला, जवळजवळ पुढे उडत होती. बोल्ट मागे ढकलायला नळीतून येणारा गॅस जास्त झाल्याची ही खूण. हा गॅस कमी-जास्त करणारा अ‍ॅडजस्टेबल गॅस ब्लॉक बसवला. तो पूर्ण बंद करून मॅगझिनमध्ये एकेकच काडतूस भरायचं आणि एकेक क्लिक उघडत जायचं. बोल्ट मागे अडकून राहायला लागला की वर दोन क्लिक, थंडीसाठी आणि मळासाठी. टोपणं साडेतीन वाजताला मुकाट्याने ढीग करून पडू लागली. रायफल खरोखर मऊ झाली.

आणि गट? तसाच. तसूभर कमी झाला नाही. मऊ रायफलीवरही मी डोळे मिटतच होतो. मी फक्त गॅस ब्लॉकवाल्याचं भलं केलं.

जून. त्या निराशेत गॅरंड परत काढली, आणि चामड्याचा १९०७ च्या नमुन्याचा पट्टा नीट शिकलो. पट्ट्याचा फास डाव्या दंडावर पार वर, काखेजवळ. कोपर रायफलीच्या जमेल तितकं खाली. बट खांद्याच्या खोबणीत. पट्ट्याने एकदा बट आत ओढून धरली की उजव्या हाताला ट्रिगर सोडून काही काम उरत नाही. आणि इथे मला ती गोष्ट सापडली जिच्यासाठी ही नोंद लिहितोय: धक्का कमी झाला नाही, पण दर वेळी सारखा यायला लागला. रायफल उसळते आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची नेमाची खूण) आपण होऊन पुन्हा काळ्या गोलाच्या तळाशी येऊन बसते. तशी बसली नाही तर समजायचं की शरीर चुकीच्या दिशेला रोखलंय आणि आपण स्नायूंनी खेचून नेम धरलाय. मग हातांनी सरकवायचं नाही. डोळे मिटून श्वास सोडायचा, उघडून बघायचं, आणि कंबर हलवायची.

एनसीसीत हे सगळं सांगितलं होतं बरं का. पॉइंट टू-टूला धक्काच नसतो, म्हणून कधी पटलं नाही. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसाळे यांना ५० मीटरला बघा. गोळी गेल्यावरही ती माणसं क्षणभर तशीच असतात. तिथे ते गुणाच्या दहाव्या भागासाठी चालतं, इथे अख्ख्या भोकासाठी.

जुलै. एक मोह. ओळखीच्यांच्या शेतावर बॅरेट एम८२ए१ वर पाच गोळ्या. .५० कॅलिबर, १४ किलोचं धूड. टेनेसीच्या रॉनी बॅरेटने बनवलेली, आणि २०१६ साली टेनेसीने तिला राज्याची अधिकृत रायफलच करून टाकलं. (कॅलिफोर्नियात त्याच काडतुसाच्या रायफलीवर बंदी. एक देश आहे हा!) गोळी ४३ ग्रॅम. कागदावर हिशोब केला तर ब्रेक नसता तर ऊर्जा शंभर जूलच्या वर गेली असती. प्रत्यक्षात नळी स्वतः मागे सरकते आणि स्प्रिंगांवर बसते, तोंडाचा ब्रेक वायू बाजूला-मागे फेकतो, त्यामुळे खांद्याला जे येतं ते म्हणजे मोठ्या माणसाने दिलेली लांब ढकल. जखम नाही, डाग नाही.

पण तो ब्रेक! वायूची भिंत तोंडावर येते, नाकाच्या हाडात घुमते, समोरची माती उठून चष्म्यावर बसते. जमिनीवर पाणी मारून घ्या, नाहीतर दुसरी गोळी धुळीतच. खांदा म्हणत होता ठीक आहे आणि पापण्या पाचही वेळा बंद. परतल्यावर दोन शनिवार गॅरंडवर गट फाटला. ज्यांना दचकण्याचा त्रास आहे त्यांनी हा मोह टाळावा, किंवा आधी गॅरंड सुधारून मग जावं.

ऑगस्ट. भरभर फेरी. ८० सेकंदांत दहा गोळ्या: आधी दोन काडतुसांची क्लिप, मग आठांची. दोन झाल्या की क्लिप ‘टिंग’ करून उडते, बोल्ट उघडा राहतो, आठांची अंगठ्याने दाबायची आणि तळव्याच्या कडेने रॉडचं हँडल अडवून धरायचं. (अंगठा चेंगरला का, असं सगळे विचारतात. चेंगरला, पण सामन्यात नाही. घरी साफसफाई करताना, फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) दाबला तेव्हा. नख अजून काळं आहे.) पूर्वी मी घड्याळाला भिऊन उसळलेली रायफल जबरदस्तीने खाली ओढायचो. आता ओढत नाही. ती वर जाते, येते, मी तेवढ्यात अर्धा श्वास घेतो. घड्याळ लावून बघितलं तर दहा गोळ्या ६६ सेकंदांत झाल्या, ओढाताण न करता.

काडतुसांबद्दल एक आगंतुक सूचना. गॅरंडमध्ये शिकारीची भारी व्यावसायिक .३०-०६ घालू नका. प्रश्न खांद्याचा नाही. गॅस पोर्टपाशी दाब जास्त पडला की ऑपरेटिंग रॉड वाकतो, आणि तो चांगल्या स्थितीत मिळणं दिवसेंदिवस महाग होतंय. घालायचीच असतील तर अ‍ॅडजस्टेबल गॅस प्लग लावा.

सप्टेंबर. ९३, ८९, ७१. भरभर फेरीत २१ गुण वाढले, तेवढ्यावर मी मित्रांना मिसळ खाऊ घातली (पाव इथला, गोडसर, त्याबद्दल क्षमस्व). सातव्या गोळीला मला पहिल्यांदा ज्वाळा दिसली. नळीच्या तोंडाशी छोटीशी केशरी, आणि तिच्यामागे वर उचलली जाणारी फ्रंट साइट. १९४४ पासून ती तिथेच असणार. मी आजवर त्या क्षणी हजर नव्हतो.

उभ्याने मात्र ७१. पट्टा लावता येत नाही, पाठ मागे कललेली, ४.३ किलो डाव्या बरगडीवर, आणि धक्का आला की मी टाचांवर डोलतो. आजोबांनी कालच एक नवी क्लिप भरून दिली, या वेळी सहा नकली आणि दोन खरी, आणि सांगितलं की हिवाळाभर उभ्यानेच चालू ठेव. आज सकाळी तीन वेळा केली. पाचव्या ‘टक’ला रायफल अजून खाली जाते.