हिवाळी सायकल आणि बधिर बोटं: माझा घरगुती बंदोबस्त

पहिल्या पाळीला सातच्या आत हिंगणा एमआयडीसीत पोचायचं, म्हणजे नरेंद्रनगरातून सहाच्या सुमारास सायकल काढावी लागते. डिसेंबर-जानेवारीत त्या वेळी पारा दहा-बाराच्या आसपास असतो, कधी त्याहूनही खाली. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. बाकी अंगाचं काही नाही, पेडल मारता मारता ते तापतं. हात मात्र हँडलवर नुसते बसून असतात. छत्रपती चौक गाठेपर्यंत बोटांची टोकं दुखतात, प्रतापनगरच्या पुढे दुखायचीही थांबतात आणि ब्रेक दाबला की नाही ते डोळ्यांनी बघावं लागतं. भीती त्याचीच होती. थंडी सोसता येते, पण ट्रकच्या मागे असताना ब्रेक न लागणं परवडत नाही.

आईचा उपाय पहिला: "खोबरेल तेल चोळून जात जा." आता हे तेल चोविसेक अंशांच्या खाली आपणच गोठतं, बाटली गॅसजवळ ठेवावी लागते, ते मला काय ऊब देणार? पण लावते. हात फुटत नाहीत, हा फायदा आहेच.

मग तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारातून लोकरीचे हातमोजे आणले. गाडीवर मागे बसणाऱ्याला ते उत्तम. सायकलवर वारा विणीच्या भोकांतून थेट आत. त्यावर दुसरी जोडी चढवली, तर बोटं अशी आवळली गेली की आणखी लवकर बधिर झाली. ते साहजिक आहे. ऊब लोकरीत नसते, लोकरीने धरून ठेवलेल्या हवेत असते. मोजा घट्ट झाला की ती हवाही जाते आणि बोटांतलं रक्तही अडतं. मुळात थंडीत शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं, पोटा-छातीतली उष्णता राखायला. त्यात आपण वरून दाबलं की संपलंच.

खरा वैरी वारा. कॅनडा-अमेरिकेत थंड वाऱ्यासाठी जे सूत्र वापरतात त्याप्रमाणे हवा १० अंशांची असताना ताशी २० किलोमीटर वेगाने गेलं, तर उघड्या कातडीला साधारण ७ अंशांसारखं वाटतं. माझा उजवा हात डाव्याच्या आधी का गारठतो, हेही त्यातून उमगलं. मी पश्चिमेकडे जाते, आणि सुभाषनगरच्या पुढे मेट्रोच्या पुलाखालून जाताना उजवीकडून, अंबाझरी तलावाच्या अंगाने वारा येतो. आणि पुढचा ब्रेक नेमका उजव्या हाताशी.

वारा अडवायला आधी लॅबमधले नायट्राइलचे, म्हणजे रबरासारखे, पातळ मोजे लोकरीच्या आत घातले. वारा थांबला, पण घामही आतच राहिला. कंपनीच्या गेटवर मोजे काढले की ओले हात आणखी कुडकुडायचे. छोट्या अंतराला चालेल, माझ्या अंतराला नाही.

शेवटी जमलं ते हँडलवरचं कव्हर. हिवाळ्यात मोटारसायकलवाले लावतात तसं, पण सायकलच्या मापाचं मिळेना. जुना रेनकोट घेतला, आत फाटक्या ब्लँकेटचा तुकडा, आणि गल्लीतल्या टेलरभाऊंकडे गेले. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं.

"ताई, हे काय शिवून राहिले आपण? बाळाचं टोपडं?"

"हँडलचं आहे भाऊ. हात आत गेला पाहिजे अन् झटकन बाहेरही आला पाहिजे."

एका बाजूला निमुळतं, दुसऱ्या बाजूला ऐसपैस तोंड, असा आकार ठरला. निमुळती बाजू हँडलला जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधायची. ब्रेकची वायर बाहेर यायला खाली चीर ठेवली. पण नुसतं कापड वाऱ्याने दबून ब्रेकच्या लिव्हरवर येत होतं, म्हणून पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचं रुंद कडं कापून तोंडाशी आत शिवून घेतलं. हे कडं नसेल तर कव्हर बांधूच नका. बांधल्यावर आधी अंगणात उभ्या उभ्या ब्रेक दाबून पाहा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा, हात बाहेर काढून वळणाचा इशारा देऊन पाहा. घंटी मी कव्हरच्या बाहेर, मधोमध सरकवली.

अॅल्युमिनियमच्या लिव्हर बोटांतली उष्णता ओढून घेतात, त्यांच्यावर ट्यूबच गुंडाळली. जुन्या पायमोज्यांची टोकं कापून, अंगठ्याला भोक पाडून मनगटावर चढवते. तिथे रक्तवाहिनी अगदी कातडीखाली असते, म्हणून हे छोटं काम मोठा गुण देतं. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी असतेच. फ्रान्सच्या घाटांत शर्यतीवाले उतारावर हेच करायचे. छाती गार पडली नाही की शरीर बोटांचं रक्त तोडत नाही. फारच गारठा असेल तर सुती पुरचुंडीत तांदूळ तव्यावर शेकून कव्हरमध्ये टाकते. ऊब अर्ध्या वाटेपर्यंत पुरते, पण सुरुवात चांगली होते. पुरचुंडी हाताच्या पाठीला टेकवून तपासायची, बधिर बोटांना तापलेलं कळत नाही.

आता कव्हरच्या आत साधे सुती मोजे पुरतात, ब्रेक दाबलेला बोटांना कळतो. ब्लँकेटचा थर बटणावर सुटा ठेवला आहे, आठवड्याला धुता येतो. पाळीतल्या एका सहकाऱ्यालाही तसंच हवं आहे, पण त्याच्या सायकलचं हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं आहे. त्यावर हा नमुना बसत नाही, कापड नव्याने बेतावं लागेल.